निद्राजनक औषधें व पुराव्याचा प्रश्न

एखादा जुना कागद हातीं आला म्हणजे आपण तीन प्रश्न विचारतों: लिहिणारा कोण, त्यांत त्याचा लाभ काय, आणि विरोधी पुरावा कोठें दडला आहे. परंतु रोज रात्रीं झोपेची गोळी घेणारा चिकित्सक वृत्तीचा मनुष्यहि त्या गोळीपुरते हे प्रश्न विसरतो. ह्या औषधांचा १८६९ पासूनचा इतिहास त्याच कसोटीस लावून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अनिद्रेचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ म्हणून सांगितले आहेत. त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत कार्य, काल, विकार, प्रकृति व वायु हीं निद्रानाशाचीं कारणें दिलीं आहेत. अभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, मद्य, मनास सुखकर गंध व शब्द हे तेथील उपाय होत. त्यांतील प्रत्येक उपाय आज ग्राह्य आहे असें नव्हे. परंतु अनिद्रेस कारण असतें व तें आधीं शोधावें, ही दृष्टि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढील इतिहासांत तीच हरवलेली दिसते.

क्लोरल हायड्रेट हें द्रव्य लीबिग यांनीं १८३२ मध्यें तयार केलें. त्याचा निद्राजनक गुण बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनीं १८६९ मध्यें प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत तें यूरोपभर पसरलें. इंग्लंडांत त्याचे प्रयोग करून दाखविणारे बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हेच दहा वर्षांच्या आंत त्याच्या व्यसनाविरुद्ध लिहूं लागले. कवि व चित्रकार रोझेटी यांची प्रकृति ह्याच व्यसनानें ढासळली.

पुढें १९०३ मध्यें एमिल फिशर व योझेफ फॉन मेरिंग यांनीं बार्बिटल पुढें आणलें. तें ‘व्हेरोनल’ ह्या नांवानें विकलें गेलें, व १९१२ मध्यें त्याच कुळांतील ल्युमिनल आलें. ह्या कुळांत झोप आणणारी मात्रा व प्राण घेणारी मात्रा यांतील अंतर थोडें असल्यामुळें विषबाधेच्या घटना वारंवार घडूं लागल्या. शिवाय दीर्घकाळ मोठ्या मात्रेंत घेतलेलें हें औषध एकाएकीं थांबविलें असतां आंकडी व वातभ्रम होतात, हें अमेरिकेंतील हॅरिस इझबेल यांनीं १९५० मध्यें प्रयोगानें निर्विवाद सिद्ध केलें. म्हणजे औषध व त्याविरुद्धचा निर्णायक पुरावा यांमध्यें ४७ वर्षें गेलीं!

ह्या कुळापेक्षां निर्धोक म्हणून १९५७ मध्यें पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड विक्रीस आलें, व तें चिठ्ठीवांचून मिळूं लागलें. त्यामुळें मज्जातंतूंस इजा होत असावी अशी शंका घेणारें एक पत्र १९६० च्या डिसेंबरांत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें छापलें गेलें. अमेरिकेंत परवान्याचा अर्ज तपासणाऱ्या फ्रान्सिस केल्सी यांनीं तें वाचलें, व अधिक पुरावा मागून परवानगी रोखून धरली. गर्भावस्थेंत आईनें हें औषध घेतल्यामुळें जगांत सुमारें १०,००० बालकें व्यंग घेऊन जन्मलीं, असा अंदाज केला जातो. १९६१ च्या नोव्हेंबरांत तें जर्मनींत मागें घेण्यांत आलें. एक छापील पत्र लक्षपूर्वक वाचल्यानें केवढा अनर्थ टळूं शकतो, याचें ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल.

लिब्रियम १९६० मध्यें बाजारांत आलें; १९६३ मध्यें व्हॅलियम, व त्यामागून नायट्राझेपामसारखीं भावंडें आलीं. हीं बार्बिटलपेक्षां कमी घातक खरीं. परंतु मोठ्या मात्रेनंतर लिब्रियम अचानक बंद केल्यास आंकडीपर्यंत त्रास होतो, हें लिओ हॉलिस्टर यांनीं १९६१ मध्येंच नोंदविलें होतें. तरीहि ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीनें हा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता मर्यादित ठेवण्याची सूचना दिली ती १९८८ मध्यें. तोंपर्यंत पुरावा दप्तरांत पडून होता. उणीव वाचणाऱ्याची होती. पुढें आलेल्या झोल्पिडेमचीहि तीच गत झाली. अमेरिकेंत २०१३ मध्यें स्त्रियांसाठीं त्याची शिफारस केलेली मात्रा निम्मी करण्यांत आली. झोपेंत चालणें, वाहन हांकणें अशा प्रकारांमुळें २०१९ मध्यें त्यावर चौकटींतील इशारा छापणें भाग पडलें.

इतका पुरावा असतां भ्रम कां टिकतो? मेंदू औषधास सरावतो, व तीच मात्रा पुढें अपुरी पडते. गोळी चुकली कीं पूर्वींपेक्षांहि वाईट रात्र जाते. अँथनी केल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा परिणाम १९७८ मध्यें वर्णिला. घेणारा मात्र समजतो कीं मूळ व्याधि उलटली, म्हणून गोळी हवीच. वस्तुतः तो प्रक्षेपालाच मूळ पाठ समजत असतो! मूळ पाठ, म्हणजे चिंता, वेदना, श्वासाचा अडथळा किंवा वेळींअवेळीं जागरण, खालीं झांकलेलाच राहतो.

वार्धक्यांत ही चूक अधिक महाग पडते. कित्येक गोळ्यांचा अंमल वृद्ध शरीरांत फार वेळ टिकतो. पहांटे उठतांना झोंक जाऊन हाड मोडतें, स्मरण मंदावतें. पाठभेद लावणाऱ्या संशोधकाचें भांडवल तें स्मरणच होय.

भारतांत २०१३ च्या अधिसूचनेनें अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम हीं औषधें ‘एच-वन’ अनुसूचींत घातलीं गेलीं. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षें जपण्याचें बंधन औषधविक्रेत्यावर आलें. घेणाऱ्यानेंहि स्वतःची नोंद ठेवावी: गोळी कोणत्या कारणानें सुरू झाली, किती दिवसांसाठीं, आणि तें कारण अद्याप उरलें आहे काय. अमेरिकेंतील वैद्यांच्या महाविद्यालयानें २०१६ मध्यें जुनाट अनिद्रेवर प्रथम उपाय म्हणून गोळी न सुचवितां झोपेच्या संवयी व तत्संबंधी विचार सुधारणारी उपचारपद्धति सुचविली.

येथें एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणीं आज रात्रींच गोळी टाकून देऊं नये. १९५० व १९६१ चा पुरावा त्याच्याच विरुद्ध आहे. मात्रा वैद्याच्या देखरेखीखालीं हळूहळू उतरवावी. अल्पकाळ व कारणपरत्वें ह्या औषधांस स्थान आहे, हें नाकारण्याचा उद्देश नाहीं. मात्र ‘नवें व निर्धोक’ ही मुद्रा दीडशें वर्षांत ज्या ज्या औषधावर उठली, त्या त्या वेळीं ती पुढें खोटी ठरली. एवढें पाहून तरी पुढच्या मुद्रेची पारख आधीं करावी.