पादविहार आणि साधा निवारा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जैन परंपरेत पायी चालण्याला साधनेचे स्थान आहे. साधु-साध्वी वर्षातील आठ महिने अनवाणी विहार करतात आणि चातुर्मासात एका ठिकाणी स्थिरावतात. चालणाऱ्यास रात्री थांबावे लागते. त्यामुळे विहाराच्या इतिहासाबरोबरच निवाऱ्याचाही इतिहास घडत गेला.

साधूंना राहण्यास जागा देणाऱ्या गृहस्थास आगमांत 'शय्यातर' म्हटले आहे. कौशांबीच्या राजघराण्यातील जयंती श्राविकेचा उल्लेख भगवतीसूत्रात येतो, तो साधूंना प्रथम वसती देणारी म्हणूनच. ज्याच्या जागेत मुक्काम असेल, त्याच्या घरची गोचरी साधूने घेऊ नये, असा नियम आहे. जागाही त्यानेच द्यावी व आहारही त्यानेच द्यावा, असा भार पडू लागला तर लोक आसरा देण्यासच कचरतील, हा त्यामागील दूरदर्शी विचार होय. निवारा देणे कोणासही जड वाटू नये, ही काळजी शास्त्रकारांनी तेव्हाच घेतली होती.

महाराष्ट्रातही या दानाचा फार जुना पुरावा आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ भागात कामशेतजवळ पाले येथे एक लहानसे लेणे आहे. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख अरिहंतांना वंदन करून सुरू होतो. अनेक अभ्यासक तो जैन मानतात. भदंत इंदरक्षित यांनी लेणे व त्यासोबत पाण्याची पोढी करविली, एवढेच त्यात सांगितले आहे. डोक्यावर छप्पर आणि प्यावयास पाणी, याहून अधिक काही नोंदविण्याची गरज दात्यास वाटली नाही.

तेराव्या शतकात गुजरातेत धोळक्याचे महामात्य वस्तुपाल यांनी शत्रुंजय व गिरनार तीर्थांचे मोठे यात्रासंघ काढले. मंदिरांबरोबर विहिरी, तलाव व पाणपोया यांकडेही त्यांनी लक्ष दिले. अशा संघातील श्रावक-श्राविका सहा नियम पाळतात, म्हणून त्यास 'छ'री पालित संघ' म्हणतात. सम्यक्त्व धारण करणे, पायी चालणे, दिवसातून एकदाच आहार घेणे, सचित्त वस्तूंचा त्याग करणे, ब्रह्मचर्य पाळणे आणि जमिनीवर संथारा अंथरून झोपणे, हे ते नियम होत. यावरून निवाऱ्याचा साधेपणा हा यात्रेतील उणेपणा नसून यात्रेचेच एक अंग आहे, हे स्पष्ट होते.

शत्रुंजय गिरिराजावर रात्री मुक्काम करीत नाहीत. दर्शन-पूजा करून प्रत्येक यात्रेकरू सायंकाळपूर्वी खाली उतरतो. नव्व्याण्णव यात्रा करणाऱ्यांना तर पायथ्याशी दीर्घकाळ राहावे लागते. त्यामुळे पालीताणा हे धर्मशाळांचे गाव झाले. नरशी नाथा, नरशी केशवजी अशा मुंबईतील कच्छी जैन व्यापाऱ्यांची नावे तेथील धर्मशाळांशी जोडली गेली आहेत. व्यापारात मिळविलेले धन अनोळखी यात्रेकरूच्या एका रात्रीच्या विश्रांतीसाठी खर्च व्हावे, ही त्या पिढीची दृष्टी होती. यात्राकराच्या वादात १९२६ साली समाजाने शत्रुंजय यात्रेवर बहिष्कार घातला. १९२८ साली समेट होऊन यात्रा पुन्हा सुरू झाली. यात्रेकरूच नसतील तर धर्मशाळेच्या भिंतींना अर्थ नाही, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

पूर्वी विहाराच्या वाटेवर गावोगावी जैन घरे असत. दुकानाची माडी, वाड्याची ओसरी किंवा गावचा उपाश्रय साधु-साध्वींना उपलब्ध होई. पुढे ही कुटुंबे व्यापार-शिक्षणासाठी शहरांत गेली. घरांना कुलपे लागली आणि जुने रस्ते वेगवान महामार्ग झाले. ही उणीव भरून काढण्यासाठी विविध संघांनी व दात्यांनी महामार्गांलगत विहारधामे उभारली. एका मुक्कामाहून दुसरा मुक्काम साधारण दहा-पंधरा किलोमीटरवर असावा लागतो. मधले एक जरी दार बंद आढळले, तरी त्या दिवशीची चाल दुप्पट होते. वृद्ध साध्वीजींना भर उन्हात वाहनांच्या गर्दीतून पुढे जावे लागते किंवा अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेने चालण्याची वेळ येते. अशा वेळी होणाऱ्या अपघातांच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत.

विहारधाम बांधण्यास दाते मिळतात, नामफलकही लागतो. परंतु झाडलोट करणारा, किल्ली घेऊन वेळेवर हजर राहणारा आणि जवळच्या श्रावकांना निरोप पोहोचविणारा माणूस वर्षानुवर्षे टिकविणे हे खरे कठीण काम आहे. संगमरवरी फरशी व वातानुकूलित खोल्या यांचा खर्च वाढला, की हीच नित्याची व्यवस्था मागे पडते. स्वच्छ खोली, हवेशीर ओसरी, निर्दोष जागा आणि उघडे दार एवढेच विहार करणाऱ्यास पुरेसे असते.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही धार्मिक संस्थेस नव्या इमारतीचा संकल्प शोभून दिसतो. तथापि, आपल्या परिसरातील विहारमार्गावर एकही दार बंद राहणार नाही, असा संकल्प केल्यास जयंती श्राविकेपासून चालत आलेली शय्यादानाची परंपरा पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल. हीच सुवर्णमहोत्सवाची खरी फलश्रुती ठरेल.

॥ जय जिनेन्द्र ॥