चाळीचा चुना आणि टॉवरचे कवच: चिंचपोकळीच्या भिंतींचा इतिहास

१/७ चिंचपोकळीत एकाच नजरेत दोन काळ दिसतात: पोपडे सुटलेल्या चाळी आणि वर्षानुवर्षे रंग टिकवणारे टॉवर. या फरकामागे पैसा आहेच. पण रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या थराच्या अंतर्रचनेचाही तो इतिहास आहे. #थ्रेड

२/७ गिरणगावातील जुन्या भिंतींना चुन्याची सफेदी होत असे. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो. हा थर सच्छिद्र असतो. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतीत मुरलेली ओल या छिद्रांतून बाहेर पडते. मात्र थर झिजतो, म्हणून सफेदी पुनःपुन्हा करावी लागते.

३/७ १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. कामगारांचे छप्पर टिकले, परंतु मालकांचा डागडुजीतील रस आटला. अखेर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला.

४/७ तैलरंगांची मर्यादा निराळी होती. जवसाचे तेल ऑक्सिजन घेऊन रेणूंचे जाळे विणते आणि वाळते. पण ही क्रिया तिथे थांबत नाही. जाळे घट्ट होत जाते, थर ठिसूळ होतो आणि त्याला तडे जातात.

५/७ १९६० च्या दशकात अमेरिकेत धातूच्या आवरणांसाठी एक मिश्रण पुढे आले: सुमारे ७० टक्के पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, ३० टक्के अॅक्रिलिक. पहिल्यातील कार्बन-फ्लोरिन बंध अतिनील किरणांना दाद देत नाही. पण तो बहुवारिक एकटा धातूला नीट चिकटत नाही. ते काम अॅक्रिलिक करते. भट्टीत दोन्ही एकजीव होतात. थंड होताना फ्लोराइडचा काही भाग स्फटिकरूप होतो, अॅक्रिलिक उरलेल्या अस्फटिक भागात राहते. ऊनपावसात आधी अॅक्रिलिक झिजते. फ्लोराइडचे प्रमाण पुरेसे असेल तर रंगद्रव्य तरीही धरून राहते. ते घटवले की चकाकी लवकर जाते आणि पृष्ठभागावर भुकटी सुटते.

६/७ १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनी पुनर्विकासाला खुल्या केल्या. उंच इमारतींच्या अॅल्युमिनियम पत्र्यांबरोबर असे लेप शहरात रुळले.

७/७ हे कवच चाळीला चढवता येत नाही. त्याला २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची भट्टी लागते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर दुसरा एखादा घट्ट, अभेद्य थर दिला, तर ओल आत कोंडते आणि गिलावा आतून सुटतो. टॉवरचा लेप पाणी बाहेर ठेवून टिकतो. चाळीची भिंत पाणी बाहेर जाऊ देऊन टिकली. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत रंगाच्या डब्यावरील हमीपेक्षा हा भेद आधी वाचायला हवा.