‘मागे राहा’ : तीन शब्दांच्या एका सूचनेमागचा दीडशे वर्षांचा वाद

२०१३ च्या सुमारास लंडनमधील ट्रक, व्हॅन आणि बस यांच्या पाठीवर एक स्टिकर दिसू लागले. त्यावर तीनच शब्द होते : ‘सायकलस्वारांनो, मागे राहा’. वरवर पाहता ही काळजीपोटी दिलेली सूचना. तरीही काही महिन्यांतच सायकल संघटना आणि रस्ते-अपघातग्रस्तांसाठी झटणाऱ्या संस्था एकत्र आल्या आणि हे स्टिकर काढून टाका, अशी मागणी करू लागल्या. जीव वाचवणाऱ्या सूचनेवर, ज्यांचा जीव वाचायचा त्यांनीच का चिडावे? या कोड्याचे उत्तर त्या स्टिकरमध्ये नाही, इतिहासात आहे. आजचा धागा त्याविषयी.

सुरुवात १८६५ पासून करू. त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांपुढे ६० यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन पायी चालला पाहिजे, असे बंधन घातले. वेगाची मर्यादा उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल. आज आपण या कायद्याला हसतो. मात्र त्यामागचे तत्त्व लक्षात घ्यावे : जो धोका घेऊन येतो, इशारा देण्याचा खर्च आणि खटाटोप त्याचाच. (लाल निशाण १८९६ पर्यंत अनिवार्य होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. ती सक्ती १८७८ मध्येच उठली होती. १८९६ च्या कायद्याने पुढे चालणारा माणूसही गेला.)

याच तत्त्वाने १८८८ मध्ये सायकलला गाठले. त्या वर्षीच्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने सायकल हे ‘वाहन’ ठरले आणि गाडी, घोडा किंवा पादचारी यांना ओलांडण्यापूर्वी घंटा वा शिट्टी वाजवून पुरेसा इशारा देणे सायकलस्वाराचे कर्तव्य ठरले. रस्त्यावरचा वेगवान, बिनआवाजी आणि म्हणून भीतिदायक पाहुणा तेव्हा सायकल हाच होता. तिने घंटा वाजवावी, हे न्याय्यच होते.

मग मोटार आली आणि पारडे फिरले. या उलथापालथीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे सायकलच्या मागच्या दिव्याचा वाद. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मागचा दिवा सक्तीचा झाला, युद्धानंतर ती सक्ती गेली आणि १९२७ च्या कायद्याने लाल दिवा किंवा परावर्तक बंधनकारक केला. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ने मागच्या दिव्याच्या सक्तीला वर्षानुवर्षे कडाडून विरोध केला. आपल्याच सदस्यांच्या जिवावर उठलेली संघटना, असे आज कोणालाही वाटेल. त्यांचा युक्तिवाद मात्र सरळ होता. मागून येणाऱ्या चालकाने समोर जेवढे दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल, अशा वेगाने गाडी हाकली पाहिजे. एकदा लाल ठिपका दिसण्याची सवय लागली, की चालक ठिपका शोधतील, रस्ता पाहणार नाहीत. मग ज्याच्याकडे ठिपका नाही त्याचे काय? रस्त्याने घरी चाललेल्या पादचाऱ्याचे काय? शिवाय त्या काळचा दिवा पाठीमागे केव्हा विझला, हे स्वाराला कळायचेही नाही.

मला विचाराल तर दिव्याच्या प्रश्नावर क्लब हटवादी होता. अंधारात दिवा असणे हे नसण्यापेक्षा निःसंशय बरे. पण त्यांची भीती काल्पनिक नव्हती, आणि येथे कायद्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. १९४५ पूर्वी इंग्लिश न्यायव्यवस्थेत अपघाताला पीडिताचाही हलगर्जीपणा कारणीभूत ठरला, तर त्याचा भरपाईचा संपूर्ण दावा फेटाळला जाऊ शकत असे. हा नियम सौम्य करणारे काही अपवाद न्यायालयांनी घडवले होते, तरी मूळ नियम कायम होता. अशा व्यवस्थेत ‘दिवा लावणे तुझे कर्तव्य’ असे म्हणणे म्हणजे विझलेल्या वातीपायी एखाद्या विधवेची भरपाई बुडण्याचा धोका होता. १९४५ च्या एका कायद्याने दोषाच्या प्रमाणात भरपाई वाटण्याची सोय झाली. योगायोग असा, की मागच्या दिव्याची सक्ती कायमची झाली तीही १९४५ मध्येच. युद्धकाळातील काळोख्या रात्रींनी तो वाद संपवून टाकला होता.

दरम्यान १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३०० हून अधिक माणसे मेली होती. त्या काळात सायकलच्या मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा रंगवण्याचाही नियम आला. दिवा, पट्टा, घंटा : दिसण्याची जबाबदारी एकेक करून दुबळ्याच्या अंगावर चढत गेली. १९४७ मध्ये पादचारी संघटनेचे जे. एस. डीन यांनी ‘मर्डर मोस्ट फाउल’ या पुस्तिकेत नेमके याच प्रवृत्तीवर कोरडे ओढले. मुलांना ‘जपून चाला’ असे शिकवणारी मोहीम खरे तर मारणाऱ्याला मोकळे सोडते, हा त्यांचा रोख होता.

आता पुन्हा लंडन. नोव्हेंबर २०१३ मध्ये अवघ्या पंधरवड्यात ६ सायकलस्वार शहराच्या रस्त्यांवर मरण पावले. संपूर्ण वर्षाची संख्या १४. त्यांतील ९ मृत्यूंत अवजड वाहने गुंतलेली. महापौर बोरिस जॉन्सन यांनी सायकलस्वारांच्या हेडफोनवर बंदी घालण्याचा विचार बोलून दाखवला. महिन्याच्या अखेरीस लोक वाहतूक प्राधिकरणाच्या कार्यालयासमोर सायकली आडव्या टाकून रस्त्यावर निपचित पडून राहिले.

हे मृत्यू घडतात कसे, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण ब्रिटनप्रमाणेच आपणही डावीकडून चालतो. ट्रक डावीकडे वळताना चालक आधी किंचित उजवीकडे जातो. डावीकडे मोकळी जागा दिसते, सायकल तेथे शिरते. मग ट्रक वळतो आणि त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत येतात. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला दाराखालचा तो कोपरा दिसतच नाही. म्हणून ‘डावीकडून शिरू नका’ हा सल्ला खराच आहे.

वाद सल्ल्याशी नव्हता. ज्यांना असा अंध कोपरा जवळजवळ नसतो, त्या लहान व्हॅनवरही स्टिकर लागले होते. दर थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बसच्या मागे सायकलस्वाराने किती काळ राहायचे? आणि सर्वांत गंभीर आक्षेप तोच जुना : ट्रकने मागून येऊन सायकल ओलांडली आणि तो लगेच डावीकडे वळला, तर ‘मागे राहा’ हे पाळायचे कसे? उद्या चालक म्हणेल, मी तर लिहून ठेवले होते. २०१४ मध्ये मजकूर बदलला : ‘अंध कोपरा, काळजी घ्या’. आज्ञा गेली, माहिती आली. या दोन वाक्यांतील अंतर मला फार मोठे वाटते.

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ हेही याच कुळातले. मागच्याने आवाज द्यावा, मगच मी जागा देईन. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी त्यावर बंदी घातली, पण कारण होते विनाकारण वाजणाऱ्या हॉर्नचे. जबाबदारीचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या दाराने आला : १९८२ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, चालकाचा दोष सिद्ध न करताही मृताच्या वारसांना १५,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली. रक्कम तुटपुंजी, पण धोका आणणाऱ्याने किंमत मोजावी, हा १८६५ चा विचार तिच्यात पुन्हा डोकावतो.

लंडनने पुढे मूळ दुखण्याला, म्हणजे केबिनलाच, हात घातला. शहरातील एकूण वाहतुकीत अवजड वाहनांचा वाटा सुमारे ४ टक्के, तर सायकलस्वारांच्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक, अशी आकडेवारी मांडत २०१६ मध्ये नवे महापौर सादिक खान यांनी ‘थेट दृष्टी’ मानकाची घोषणा केली. आरशांवाचून, काचेतून चालकाला किती दिसते, यावर ट्रकला शून्य ते पाच तारे मिळतात. १ मार्च २०२१ पासून १२ टनांवरील ट्रकला परवान्याविना शहरात येता येत नाही. आल्यास ५५० पौंड दंड. ऑक्टोबर २०२४ पासून किमान तारे तीन झाले.

तारे कमी पडले तर कॅमेरे, संवेदक, डावीकडे वळताना वाजणारा भोंगा असा सरंजाम बसवावा लागतो. त्या यादीत आणखी एक गोष्ट अजूनही सक्तीची आहे : वाहनाच्या बाहेर लावायचे इशाऱ्याचे स्टिकर.