जंप कट : अर्थ आणि उपयोग

चित्रपट संकलनात सलग चित्रणाचा मधला भाग काढून उरलेली दोन टोके थेट जोडली, की पडद्यावरील व्यक्ती एकाएकी पुढे सरकल्यासारखी दिसते. अशा जोडणीस ‘जंप कट’ म्हणतात.

सलग कथनाच्या प्रचलित पद्धतीत हा दोष मानला जातो. तो टाळण्यासाठी एकाच विषयाच्या लागोपाठच्या दोन शॉट्समध्ये कॅमेऱ्याचा कोन किमान ३० अंशांनी बदलावा, असा संकेत आहे.

फ्रेंच दिग्दर्शक जां-ल्यूक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’ (१९६०) या चित्रपटाने या दोषाला शैलीचे स्थान मिळवून दिले. चित्रपटाची लांबी कमी करणे भाग पडले, तेव्हा प्रसंगांच्या आतूनच तुकडे काढण्यात आले. पॅरिसमधील मोटारीच्या प्रसंगात पाठमोरी नायिका पडद्यावर तशीच राहते. समोरचे रस्ते मात्र झटक्यासरशी बदलतात.

वृत्तचित्रणात या संज्ञेला वेगळे महत्त्व आहे. मुलाखतीतील काही वाक्ये वगळली, की तेथे जंप कट दिसतो. तो झाकण्यासाठी मुलाखतकाराचा चेहरा, बोलणाऱ्याचे हात किंवा विषयाशी संबंधित दृश्य मध्ये घातले जाते. त्यास ‘कटअवे’ म्हणतात. त्यामुळे चित्र सलग वाटते, पण बोलणे सलग होते की नाही, हे प्रेक्षकास कळत नाही. एखादी अट वा नकार गाळला गेल्यास विधानाचा अर्थच पालटू शकतो. उघडा ठेवलेला जंप कट, येथे काही वगळले आहे, एवढे तरी प्रामाणिकपणे सांगतो.