१ जूनला जन्मलेला फास्ट बोलर

एपिसोड ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून वाचणं ज्यांना सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. शाळेच्या टीममधून कोण खेळू शकतं आणि कोण नाही, हे ठरवतं कोण? आणि कशावरून?

मी काळाचौकीचा. अभ्युदयनगरच्या बिल्डिंगांमध्ये रबरी बॉलनं क्रिकेट खेळत वाढलो. शाळा मात्र चर्चची होती, बसनं वीस मिनिटांवर. आमच्यासारखी बरीच मुलं तिथं होती. घरी देवघर, गळ्यात गणपतीचा लॉकेट, आणि सकाळी असेंब्लीत फादरांची प्रार्थना. कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

शाळेच्या डायरीला आम्ही 'कॅलेंडर' म्हणायचो. त्यात एक पान फक्त खेळाडूंसाठी होतं. हजेरी पूर्ण हवी. युनिट टेस्टमध्ये लाल रेघ नको. तीन लाल शेरे झाले की टीममधून बाहेर. अंपायरशी वाद घातला तर पुढची मॅच नाही. पांढरे बूट पांढरेच हवेत. आणि शेवटची ओळ: वयाचा आणि शाळेत नाव असल्याचा पुरावा. आम्ही सगळे वरच्या ओळींना घाबरायचो. शेवटच्या ओळीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

२०१०. मी आठवीत. अंडर-१४ ची टीम निवडली गेली आणि मी बारावा खेळाडू. माझ्याच बिल्डिंगमधला माझा मित्र पहिला फास्ट बोलर. त्याचे वडील लालबागला एका सोसायटीत वॉचमन. तो तिसरीत असताना चिपळूणजवळच्या गावाहून मुंबईला आला होता. लांब हात, उंच उडी, आणि बॉल टाकताना तोंडातून 'हुं' असा आवाज. मैदानात एरवी तो एक शब्द बोलायचा नाही. वागणुकीच्या नियमांत त्याला कोणी पकडूच शकलं नसतं.

तो अडकला शेवटच्या ओळीत. पण ती गोष्ट पूर्ण सांगण्याआधी थोडं मागे जाऊ या. ती ओळ आली कुठून, ते बघू.

खेळातून 'चारित्र्य'

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या निवासी शाळांमध्ये एक कल्पना पक्की झाली. मैदानावर मुलगा घडतो. हार पचवायला शिकतो, कॅप्टनचं ऐकायला शिकतो. मिशनरी मंडळी ही कल्पना घेऊन इकडे आली.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईचं नाही, श्रीनगरचं आहे. टिंडेल-बिस्को नावाच्या मिशनरी शिक्षकानं १८९१ मध्ये तिथल्या मुलांसमोर फुटबॉल आणला. मुलं बहुतेक पंडित घरांतली. चामड्याला हात लावायचा नाही, म्हणून ती अडून बसली. मग शिक्षकांना छड्या घेऊन उभं केलं आणि मुलांना खेळायला लावलं. याच शाळेत पुढे अभ्यासाबरोबर शरीर आणि वागणूक यांनाही गुण मिळायला लागले. म्हणजे बघा, धाडस आणि मदतीची वृत्ती शिकवायची, पण सुरुवात छडीनं. आज ऐकताना मजा वाटते. त्या मुलांना वाटली नसणार.

मुंबईत माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, फोर्टातली सेंट झेवियर्स १८६९ ची. १८९० च्या दशकात शाळा-शाळांमधल्या सामन्यांना रीतसर रूप आलं आणि हॅरिस शील्ड सुरू झाली. शील्डला नाव मिळालं १८९० ते १८९५ मध्ये गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसचं. गंमत अशी, की ज्या मैदानावर आपली पोरं क्रिकेट खेळायची तिथेच गोरे लोक पोलो खेळायचे आणि घोड्यांच्या टापांनी पिच उखडायचं. त्याविरुद्ध अर्ज झाले, सह्या झाल्या. हॅरिसच्या सरकारनं कौल पोलोवाल्यांच्या बाजूनं दिला. आणि आज त्याच आझाद मैदानावर मुलं त्याच्या नावाच्या शील्डसाठी खेळतात.

जेव्हा धर्म हाच फॉर्म होता

शाळेच्या बाहेर, मोठ्यांच्या क्रिकेटमध्ये तर पात्रता म्हणजे धर्म. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम. टीमचं नावच धर्माचं.

हिंदूंच्या टीममध्ये पळवणकर बाळू होते. त्या काळातला भारतातला सगळ्यात भारी स्पिनर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट. पण जात चांभार. पुण्याला खेळताना त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. बॉल त्यांच्या हातात चालायचा, कप चालायचा नाही. हिंदूंचं कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं. आपल्या भागाशी त्यांचा आणखी एक धागा आहे. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून बाळू उभे होते, आणि समोर होते डॉ. आंबेडकर. बाळू हरले.

आता विजय हजारे घ्या. १९१५ चा जन्म, सांगलीचे, वडील शाळामास्तर, घर मराठी ख्रिश्चन. शिक्षण सांगलीच्याच मिशनच्या शाळेत. क्रिकेट येतं, वागणूक उत्तम, पण मुंबईच्या त्या मोठ्या स्पर्धेत जायचं कुठल्या टीममधून? हिंदू नाही, मुस्लिम नाही, पारशी नाही, युरोपियन तर नाहीच. १९३७ पर्यंत अशा माणसासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. त्या वर्षी पाचवी टीम निघाली. तिचं नाव काय ठेवलं? 'द रेस्ट'. उरलेले. ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू, जे कशात बसत नाहीत ते सगळे.

डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, फायनल. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद २५०. उरलेल्यांचा पहिला डाव १३३. दुसऱ्या डावात सगळे मिळून ३८७, आणि त्यातले ३०९ एकट्या हजारेंचे. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागी, त्यात विवेकचे रन २१! विवेक तासन् तास नुसता उभा राहिला, भावाला खेळता यावं म्हणून. मॅच एक डाव ६१ रननी हरले. पण आज त्या मॅचचं नाव घेतलं की लोकांना हरलेल्या टीमचा माणूसच आठवतो.

स्पर्धा १९४६ मध्ये संपली. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली टेस्ट जिंकली, तेव्हा कॅप्टन होता हाच 'उरलेल्या'तला माणूस.

न बघण्याची कला

धर्माचा रकाना गेला आणि शाळेच्या क्रिकेटमध्ये प्रश्न राहिले तीन: वय किती, नाव कुठल्या शाळेत, आणि वागतो कसा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुंबईनं सैल ठेवलं. सचिन बांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात आला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, क्रिकेटसाठीच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत खेळासाठी शाळा बदललेल्या मुलाला काही काळ बाहेर बसावं लागतं. तोच नियम इथे असता तर? विचार करून बघा.

तिसऱ्या प्रश्नावर एक किस्सा सगळ्यांना माहीत आहे, पण आपण तो उलट्या बाजूनं कधी बघत नाही. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्डची सेमीफायनल, आझाद मैदान. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागी ६६४. सरांचे असिस्टंट बाहेरून ओरडतायत, डाव सोडा. आणि ही दोघं तिकडे बघतच नाहीत, म्हणजे ऐकू आलंच नाही! आमच्या कॅलेंडरप्रमाणे दोघांना लाल शेरा. समोर कोण होतं? सेंट झेवियर्स, म्हणजे गावसकरांची शाळा. त्यांच्यात सायराज बहुतुले होता, जो पुढे भारतासाठी खेळला. एका बोलरला रडू कोसळलं असं सांगतात. ७४८ रन समोर असताना ती पोरं बॅटिंगला उतरली, १४५ वर ऑल आऊट झाली. त्यातल्या सहा विकेट कांबळीच्याच. रेकॉर्ड २००६ पर्यंत दोघांच्या नावावर होतं. पण वागणुकीचा रकाना कोणी नीट भरला, तर मला वाटतं दिवसभर उन्हात फील्डिंग करणाऱ्या त्या अकरा जणांनी.

कागद आणि मनगट

राहिलं वय. इथे खरी चोरी होते. दोन वर्षांनी मोठा मुलगा अंडर-१४ मध्ये खेळला तर तो कोणाची तरी जागा खातो. म्हणून आता क्रिकेट बोर्ड डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं. राहुल द्रविडनं, म्हणजे इंदूरच्या मराठी घरातला आणि बेंगळुरूच्या सेंट जोसेफ्स शाळेत शिकलेला द्रविड, २०१५ मध्ये दिल्लीच्या पतौडी व्याख्यानात यावर कडक भाषेत बोलून घेतलं. त्याचा मुद्दा असा, की आईवडील आणि कोच मिळून खोटा दाखला बनवतायत हे मुलगा बघतो, तेव्हा आपण त्याला फसवायलाच शिकवतो. पात्रता आणि वागणूक त्यानं एकाच दोरीत बांधली. मला हे शंभर टक्के पटतं.

आणि तरीही.

माझा मित्र अडकला तो १ जूनमुळे. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या आजी-आजोबांचा, काकांचा वाढदिवस १ जून असेल. सगळे काय त्याच दिवशी जन्मले? नाही. गावात जन्म घरी झालेला, नोंद नाही. पहिलीत घालायचं तर वय बसायला हवं, शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजी लिहून टाकतात: १ जून. त्याच्या आईच्या मते तो दिवाळीनंतर जन्मला. आम्ही केकही तेव्हाच कापायचो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दाखल्यावर तो पाच महिने मोठा. आणि त्या पाच महिन्यांतच कटऑफ येत होती.

पीटीच्या सरांनी फॉर्मवर दिवाळीनंतरची तारीख लिहिली होती. पहिल्या मॅचच्या दोन दिवस आधी फादरांनी सह्या करताना सगळे दाखले मागवले. सर म्हणाले, पालकांकडून ॲफिडेव्हिट आणतो. फादर नाही म्हणाले. खोटं बोलणारेही हेच आणतात, मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? मित्राला त्यांनी स्वतः बोलावलं, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि स्कोअरबुक दिलं. नावाची चिठ्ठी बदलली. त्याच्या जागी माझं नाव आलं.

मी चार रन केले. दुसऱ्या राऊंडला हरलो. तो बाऊंड्रीबाहेर बसून माझे चार रन व्यवस्थित लिहीत होता. परत येताना बसमध्ये त्यानं मला खिडकीची सीट दिली. त्या दिवशी मला त्याच्याशी काहीच बोलता आलं नाही. आनंद झाला होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवतो. तू कोण आहेस, हा एक. तुला कशाची परवानगी आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकीचं साठवलेलं असेल, तर दुसरा नियम कितीही चांगला असो, निकाल चुकीचाच येणार. फादरांचा नियम बरोबर होता. त्यांची वागणूक तर माझ्यापेक्षा कितीतरी बरी होती. पण दाखल्यावरची तारीख मुलानं लिहिलेली नव्हती, आणि शिक्षा त्याला झाली. हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलाला हा प्रश्न कधी येत नाही. फसवणाऱ्याचे कागद तर कायम चोख असतात. हजारेंसाठी रकाना नव्हता. माझ्या मित्रासाठी रकाना होता, फक्त तो दुसऱ्यानंच भरून टाकला होता.

या एपिसोडसाठी मी त्याला फोन केला. तो आता लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. रविवारी टेनिस बॉलच्या टूर्नामेंट खेळतो, तिथे तारीख कोणी विचारत नाही. मी विचारलं, फादरांवर राग आहे का? म्हणाला, "छे रे. ते काय करणार? दाखला तसा होता." थोडं थांबून म्हणाला, "तू पुल मारायला गेलास ना, तेव्हा मी पेन ठेवून डोळे मिटले होते." मी त्याच बॉलवर आऊट झालो होतो.

गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. एकवीस दिवसांत जन्माची नोंद करायची असते. तो पहिल्याच आठवड्यात एफ-साऊथच्या वॉर्ड ऑफिसात लाइनीत उभा होता. दाखल्याचा फोटो त्यानं मला पाठवलाय. तारीख दोनदा तपासली, म्हणाला.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी १ जूनचं असेल, तर खरा वाढदिवस विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोवर भेटू.