चांद बोधले, शेख महंमद आणि पाण्याचा धर्म

दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं आपल्याच मुलखातला थोडा जुना इतिहास संतसज्जनांपुढं ठेवतो.

देवगिरीच्या पायथ्याशी चांद बोधल्यांची समाधी आहे. ते सूफींच्या कादरी परंपरेतले. संप्रदायात सांगतात, की किल्लेदार जनार्दन स्वामी आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हे दोघंही त्यांचेच शिष्य. जनार्दन स्वामींचे शिष्य पैठणचे नाथबाबा. शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. महिपतीबोवांनी भक्तविजयात त्यांना संतांच्या पंगतीत बसवलं. काही जण विचारतात, वारकऱ्यानं फकिराचं नाव कशाला घ्यावं? अहो, नाथबाबांच्या गुरूचा गुरू वजा करून नाथबाबा कसे सांगणार?

आता या फकिरांचं पाण्याशी वागणं बघा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात आहे. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळानं आणलं. ते उंचावरून चाकावर पडायचं, जातं फिरायचं. त्या पिठाची भाकर फकीर अन् वाटसरू खायचे. दळण झालं तरी पाणी सरलं नाही, तेच पुढं हौदात गेलं. पाणी कामाला लावलं, पण उधळलं नाही.

यातली खूण शेतकऱ्यानं ओळखावी. असली नहर उतारानं चालते. डोंगरात जेवढं मुरलं, तेवढंच ती देते. म्हणून डोंगर अन् झाड राखावंच लागतं. बोराचं तसं नाही. ते शेजाऱ्याच्या वाट्याचंही ओढतं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बोरावर बोर घेतले, पण खाली मुरलेलंच नव्हतं, तर वर येणार कुठून?

पिराच्या लिंबाला अन् मारुतीच्या पिंपळाला जुन्या माणसांनी कुऱ्हाड लावली नाही. भीती म्हणा, भक्ती म्हणा, सावली तर राहिली. पालखीच्या वाटेवरची मोठी झाडं रस्ता रुंद करताना गेली. वारकऱ्याचा विसावा उन्हात आला.

माउली, दुसऱ्या शंभरीत दिंडीनं एवढा नेम धरावा. जिथं आपला मुक्काम, तिथं एक वड नाहीतर लिंब लावायचा, अन् पुढच्या वर्षी जाताना तो जगला का ते बघायचं. गावात आल्यावर आपल्या शिवाराचा बांध घालायचा, पाणी मुरवायचं. पाण्याला जात नाही, सावलीलाही नाही.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!