महालक्ष्म्यांवरचा फुलोरा



भाद्रपदात गणपती बसले की दोन-चार दिवसांनी आपल्या वऱ्हाडात घरोघरी महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायचं आणि मूळ नक्षत्रावर निघायचं, असा त्यांचा तीन दिवसांचा मुक्काम. त्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या घरी आपण गेलात, तर नजर आधी मुखवट्यांकडे जाते, मग लुगड्यांच्या निऱ्यांकडे, आणि नंतर सहज वर. वर लाकडाची एक चौकट टांगलेली असते. तिच्यापासून दोऱ्यांनी लोंबत असतात करंज्या, पापड्या, लाडू. आणि त्यांच्यामध्ये एक वेणी, एक फणी, एक आरसा, एक कुंकवाचा करंडा. लाडू सोडले तर सगळं गव्हाच्या पिठाचं, तळलेलं. हाच फुलोरा. कोणी त्याला फुलवरा म्हणतात. काही घरी तो आश्विनातल्या नवरात्रातही देवीवर बांधतात.

आज मला या फुलोऱ्याची हकिकत सांगायची आहे. हकिकत म्हणतो, इतिहास म्हणायला जरा संकोच वाटतो. इतिहासाला कागद लागतो, आणि फुलोरा तर तिसऱ्या दिवशी उतरवून खाऊन टाकतात.

पिठाला आकार देऊन सणासुदीला सजवायची हौस काही आपल्याच मुलखाची नाही. युरोपात पावसाळा असा वेगळा नसतो. तिकडे उन्हाळा सरला की शरदात सफरचंदं उतरतात आणि घरोघर गव्हाच्या पिठाच्या पारीत ती भरून भट्टीत भाजतात. उरलेल्या पिठाची पानं कातून वर चिकटवतात, कडेला बोटांनी मुरड घालतात. हा प्रकार तिकडे फार जुना. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी इसवी सन १३९० च्या सुमारास एक पाकपुस्तक लिहून ठेवलं, त्यात सफरचंदाच्या अशा पदार्थाची कृती आहे. सफरचंदाबरोबर नासपती, अंजीर, मनुका, मसाले आणि चक्क केशर घालून ते सगळं पिठाच्या पेटीत भरायला सांगितलं आहे. साखरेचा मात्र त्यात पत्ता नाही.

आपल्याकडे सफरचंद कुठलं? ते आलं आगगाडीनं, थंड डोंगरी मुलखातून. आणि माझ्या लहानपणी तर ते फक्त आजाऱ्याच्या उशाशी दिसायचं. कुणाच्या हातात सफरचंद पाहिलं की शेजारीण विचारायची, ‘काहून, कोन बिमार हाये?’ भट्टीही आपल्या घरात नव्हती. वऱ्हाडात भाजायचं म्हणजे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, आणि आरात नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून आपल्या बायकांनी नक्षी कढईत टिकवायची विद्या शोधून काढली. ही विद्या वाटते तितकी सोपी नाही.

पुरी फुगली तर आपल्याला आनंद होतो. फुलोऱ्यातली फणी फुगली तर ती फणी राहत नाही, भजं होतं. म्हणून पीठ घट्ट हवं, त्यात कडकडीत तुपाचं मोहन हवं, लाटी जाडसर हवी आणि तळताना आच मंद हवी. जुन्या बायका बारीक रवा भिजवून ठेवीत आणि नंतर पाट्यावर वरवंट्यानं कुटून कुटून लोण्यासारखा मऊ करीत. वेणी करायची तर पिठाच्या तीन सारख्या दोऱ्या वळायच्या आणि मुलीच्या केसांचा पेड घालावा तसा पेड घालायचा. मात्र सैल, कारण तळताना दोऱ्या जाड होतात आणि घट्ट पेड मधेच तुटतो. फणीचे दात सुरीनं कातायचे आणि एकमेकांपासून जरा दूर सारायचे. आरसा म्हणजे मूठ असलेली गोल पापडी. ती फुगू नये म्हणून सुईनं टोचून काढायची. करंड्यासाठी आमच्या घरी लहान वाटीवर बाहेरून लाटी बसवीत आणि वाटीसकट तळीत. पीठ कडक झालं की वाटी आपोआप सुटायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोऱ्याचं भोक. ते कच्च्या पिठातच पाडावं लागतं. तळल्यावर पाडायला गेलं की तुकडे! दर वर्षी घरातली कोणी ना कोणी नवी सून हे विसरायची आणि माजघरातून आवाज यायचा, ‘व माय, पहिले भोक पाड, मंग तळ!’

करंजीची मुरडही आधी कामाची, मग शोभेची. कड नीट मिटली नाही तर सारण कढईत उतरतं आणि सगळं तूप काळं होतं. कड दोनदा दाबण्यापेक्षा बोटानं पीळ घालत नेली तर ती पक्की बसते, आणि दिसतेही छान. पुढे दातेरी चाकाची कातण आली, मग साचे आले. साच्यातली करंजी सरळ कडेची, सगळ्या सारख्या. सोय झाली हे खरं. पण पूर्वी ताटातली करंजी पाहून ती कोणी केली हे ओळखू यायचं, ते आता येत नाही.

आता एक प्रश्न शिक्षक मंडळींसाठी. वऱ्हाड हा ज्वारीचा आणि कापसाचा मुलूख. रोजची भाकर ज्वारीची. महालक्ष्म्यांच्या ताटातली आंबीलसुद्धा ज्वारीची. मग फुलोरा तेवढा गव्हाचा का? पावित्र्याचं कारण सांगणारे भेटतील. पण आपण वर्गात मूठभर ज्वारीचं पीठ आणि मूठभर कणीक भिजवून पाहा. कणकेची दोरी ओढली की लांबते, ज्वारीची तुटते. गव्हात जो चिवट लस असतो तो ज्वारीत नाही. ज्वारीची वेणी घालताच येत नाही. म्हणजे शोभेच्या या एका दिवसासाठी ज्वारी खाणाऱ्या घराला गहू आणावाच लागे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत रब्बीला ओलीवर बन्सी गहू होई, तो कडक दाण्याचा, रव्याला उत्तम. पण तो सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. ज्यांच्याकडे येई त्या घरी गहू ओला करून, दळून, फडक्यातून गाळून सपीट काढीत. दोन दिवसांचं काम.

१८६७ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरला पोचला. त्याच्या आधीच, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला होता. पैसा आला, गाडी आली. मागाहून गिरणीचा मैदा आणि पांढरी साखर आली. १९३७ साली डालडा आला आणि तुपाचा प्रश्नही बऱ्याच घरांनी आपल्यापुरता सोडवला. ज्यांच्या चौकटीला पूर्वी पाच करंज्या लागत त्यांच्याकडे पंचवीस लागू लागल्या. हौस वाढली तसा खर्चही वाढला, आणि खर्चाच्या मागून सावकार आला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून सांगत फिरत की कर्ज काढून सण करू नका. ते उगीच नव्हे.

उलट दिवसही आले. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाला फार जड गेला. माझी आजी तिच्या सासूचं ऐकलेलं सांगायची. त्या वर्षी घरात पसाभर कणीक होती. तिची एकच वेणी केली, आणि चौकटीचे बाकीचे दोरे तसेच रिकामे टांगले. दोरे का टांगले, असं मी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, ‘लेकीला दिसलं पायजे ना, की माय विसरली नाही.’

या उत्तरातच मला फुलोऱ्याचा अर्थ सापडला असं वाटतं. जुन्या पोथ्यांत मी तो शोधत होतो. सुश्रुतसंहितेत गव्हाच्या पिठाचे संयाव, घृतपूर असे गोड पदार्थ आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११३० च्या सुमाराच्या मानसोल्लासात मांडे, पोळ्या, वडे यांच्या कृती आहेत. सतराव्या शतकातला भोजनकुतूहल हा तर सगळा खाण्याचाच ग्रंथ. पण राजानं लिहवलेल्या नि पंडितानं लिहिलेल्या पुस्तकात राजाचं नि पंडिताचं ताट येतं. घरची सून चौकटीला काय बांधते हे त्यांना कुठून कळावं?

फणी, आरसा, करंडा, वेणी. हे देवाचं आयुध नाही की वाहन नाही. ही लेकीची पेटी आहे. महालक्ष्मी म्हणजे गौर, आणि गौर म्हणजे माहेरवाशीण. तीन दिवसांसाठी आलेल्या लेकीला आई जे द्यायची तेच इथं पिठाचं करून टांगलेलं असतं. गोव्यात गणपतीवर माटोळी बांधतात, तिला रानातली फळं, भाज्या, कणसं लटकवतात. तीही अशीच डोक्यावरची चौकट, पण तिच्यात रान आहे, आपल्या चौकटीत माहेर आहे. वऱ्हाडाला ही गोष्ट जवळची वाटावी यात नवल नाही. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णानं तिला नेलं अशी लोकांची श्रद्धा. आजही आषाढात कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, ती माहेरची म्हणून.

पण लेकीची पेटी म्हटली की कोणती लेक, हा प्रश्न येतोच.

आमच्या घरी आत्या होती. फार लहान वयात विधवा होऊन परत आलेली. महालक्ष्मी तीन दिवसांसाठी माहेरी येते. आत्या कायमची आली होती. गावात तिच्यासारखी वेणी कुणाला घालता येत नसे. शेजारच्या सुना शिकायला यायच्या. आत्या पीठ कुटायची, पेड घालून दाखवायची, तळायची. आणि तिच्या हातची वेणी बाजूच्या परातीत पडायची, आम्हा पोरांना खायला. चौकटीला बांधायची ती दुसरी, सवाष्णीच्या हातची, वाकडी का असेना. वेणी-फणी-करंडा ही सौभाग्याची लेणी, त्यांना विधवेचा हात नको, असा रिवाज. आम्हा पोरांना त्यात काही खटकत नसे. उलट चांगली वेणी आपल्याला मिळते याचाच आनंद.

देवीपुढे कुणाचा हात चालतो नि कुणाचा चालत नाही, यावरून वऱ्हाडात उघड झगडाही झाला. १९२७ साली अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीला सत्याग्रहाची हाक दिली गेली. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, आणि त्या नोव्हेंबरात तिथं भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा तर १८५६ सालीच झालेला. पण माजघरातल्या चौकटीपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असं कळवलं. मधे किती वर्षं गेली ती आपणच मोजावी.

आता अमरावती-अकोल्याच्या बाजारात तयार फुलोरा मिळतो. बायका तो घरी करून विकतात, चार पैसे मिळवतात. मला त्यात वावगं दिसत नाही. विकत घेतलेली वेणी कुणाच्या हातची, हे कोणी विचारत नाही, ही एक त्यातली बरी गोष्ट.

आमच्या घरी ती गोष्ट जरा आधी घडली. आजी १९६७ साली गेली. पुढच्या भाद्रपदात फुलोरा आईच्या अंगावर पडला. आत्यानं नेहमीप्रमाणे वेणी केली आणि सवयीनं परातीत टाकली. आईनं ती उचलली, स्टुलावर चढली आणि मधल्या दोऱ्याला बांधू लागली. घरात पाहुण्या बायका होत्या. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आई काही बोलली नाही. आत्या खालून बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दोरा ढिल्ला हाये. नीट बांध.’